बघू नकोस

“तू जरा बाहेर जा ना. तू बघत असलास की होतच नाही.”

ती असं म्हणाली तेव्हा मी काहीच करत नव्हतो. कपाटाला टेकून उभा होतो. ती पलंगाच्या कडेवर बसून अंगातल्या कपड्याची बटणं लावत होती. वरची दोन लागली होती. तिसरं काजापर्यंत यायचं, अर्धं आत शिरायचं आणि अंगठा सरकला की पुन्हा बाहेर यायचं. मदतीला हात पुढे करायचा नाही हे मी केव्हाच शिकलोय. चल आटप, उशीर होतोय, असंही म्हटलं नव्हतं. नुसता बघत होतो, आणि नेमकं तेच तिला नको होतं. मी बाहेर आलो, दार लोटून घेतलं. काही वेळाने सगळी बटणं लावून ती आली आणि आम्ही निघालो. वाटेत तो विषय निघाला नाही. तिच्या लेखी तो तिथेच संपलाही असेल. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

कारण तिला पार्किन्सन्सचा आजार झाल्यापासून बघणं हेच माझं मुख्य काम होऊन बसलंय. खुर्चीपाशी पोचायच्या, नीट वळायच्या आधीच ती बसायला जात नाहीये ना, ते बघायचं. पाण्याचा घोट पूर्ण गिळल्यावरच बोलतेय ना. सतरंजीची कड दुमडलेली नाही ना. सकाळची गोळी घेतल्यावर किती वेळाने खांदे सैल पडले आणि दुपारी कितीला पुन्हा आखडायला लागले. रात्री जागी आहे ती कूस बदलता येत नाही म्हणून, की मनात काही घोळतंय म्हणून. विचारलं तर ती सांगत नाही असं नाही, पण सांगते काय तर “ठीक आहे”. माझा भरवसा तिच्या “ठीक आहे”पेक्षा माझ्या डोळ्यांवर जास्त. एकाने सतत बघायचं आणि दुसऱ्याने सतत बघून घ्यायचं, अशी आमच्या संसाराची मांडणी झालीय. इतकी वर्षं बरोबर काढलेल्या दोन माणसांना ही मांडणी तशी अवघडच. एकमेकांकडे फारसं न बघता सुखाने राहायची सवय लागलेली असते.

तिच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पार्किन्सन्सचा कंप मोठा विचित्र. हात मांडीवर स्वस्थ पडलेला असतो तेव्हा तो येतो, सेकंदाला चार ते सहा अशा लयीत, अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, गोळी वळावी तसा. हाताने काही उचललं की बऱ्याचदा थांबतो. गाढ झोपेत तर नसतोच. पण मनावर ताण आला, चार डोळे आपल्यावर आहेत असं वाटलं, की वाढतो. डॉक्टर याचा मुद्दाम उपयोग करून घेतात. पहिल्यांदा तपासायला गेलो तेव्हा हिचा हात त्यांच्यासमोर अगदी गप्प बसला होता. त्यांनी शंभरातून सात सात वजा करत मागे यायला सांगितलं. हिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं. त्र्याण्णव, शहाऐंशी, उत्तरं बिनचूक येत होती, आणि एकोणऐंशीपाशी उजवा अंगठा हलायला लागला.

ती सगळी तपासणी म्हणजे बघणंच होतं. तर्जनी अंगठ्यावर भराभर आपटा, मूठ उघडा, मिटा, टाच जमिनीवर आपटा, तिथपर्यंत चालत जा, वळून या. मग डॉक्टर पाठीमागे उभे राहिले, खांदे एकदम मागे ओढले आणि ती किती पावलांत सावरते ते त्यांनी पाहिलं. चालताना उजवा हात अंगालगत तसाच राहतो, डाव्यासारखा झुलत नाही, हे त्यांना दहा पावलांत दिसलं. मेंदूचा एमआरआय काढला तो दुसरं काही नाही याची खात्री करायला. अमुक आकडा आला म्हणजे पार्किन्सन्स, असं सांगणारी साधी रक्ततपासणी अजून रोजच्या वापरात नाही. दोनशे वर्षांपूर्वीही डोळे हेच साधन होतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यातले काही त्याला रस्त्यात भेटलेले. एकाला तर त्याने फक्त लांबूनच पाहिलं होतं. पार्किन्सनच्या जन्मतारखेला, 11 एप्रिलला, दरवर्षी जागतिक पार्किन्सन्स दिन पाळतात, भाषणं होतात. मला त्या दिवशी हमखास आठवण येते ती त्या लांबून पाहिलेल्या माणसाची. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे त्याला जाणवलं होतं का? त्या क्षणी त्याचा हात जास्त हलला असेल का?

आजाराचं नाव कळलं की मागचंही दिसायला लागतं. ती घरखर्च लिहून ठेवायची. निदान झाल्यानंतरच्या एका संध्याकाळी मी त्या वह्या काढून बसलो. जुन्या वह्यांत अक्षर टपोरं, दोन रेघांमधली सगळी जागा भरून टाकणारं. मग ते हळूहळू लहान होत गेलंय. शेवटच्या वह्यांमध्ये तर एकेका ओळीतच ते आकसतं. ‘वीजबिल’मधला ‘वी’ बऱ्यापैकी मोठा, ‘ल’ त्याच्या निम्मा, आणि ओळीच्या टोकाला रक्कम लिहायची वेळ येईपर्यंत आकडे इतके बारीक की भिंग लागावं. बेरजा मात्र सगळ्या बरोबर. मी पानं उलटत गेलो आणि आजार कधी घरात आला त्याची तारीख शोधत राहिलो. ती अर्थात सापडत नाही. कंप दिसेपर्यंत मेंदूतल्या डोपामाइन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशींपैकी निदान निम्म्या तरी गेलेल्या असतात असं सांगतात. त्याही आधी झोपेत ती ओरडायची, हातपाय झाडायची, एकदा स्वप्नातल्या कोणाला मारलेली लाथ मला बसली होती. तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. स्वप्न पडत असताना शरीर सैल आणि स्थिर ठेवण्याची मेंदूची जी व्यवस्था आहे ती या आजारात बिघडते, कधी कधी हालचालींची लक्षणं दिसायच्या कित्येक वर्षं आधी. वासाचंही तसंच. काही करपलं तर मला बाहेरच्या खोलीत वास यायचा आणि ती तिथेच उभी असून तिला यायचा नाही.

वासावरून जॉय मिल्न आठवते. स्कॉटलंडमधली ही नर्स. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय, काहीसा कस्तुरीसारखा जड झालाय, असं तिला त्याच्या ऐन तारुण्यात जाणवलं होतं. अंघोळ नीट करत नाहीस, म्हणून ती त्याला टोकायची. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला पार्किन्सन्स असल्याचं निष्पन्न झालं. मग एकदा दोघं रुग्णांच्या मेळाव्याला गेले आणि तिथे सगळीकडून तोच वास आला. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. बारा जणांचे घातलेले टी-शर्ट तिला हुंगायला दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. तिने सहाही रुग्ण ओळखले आणि वर एका निरोगी माणसालाही पार्किन्सन्स आहे असं सांगितलं. ही एवढी एक चूक झाली, असं सगळ्यांना वाटलं. काही महिन्यांनी त्या माणसाचं निदान झालं. आता त्वचेवरच्या तेलकट स्रावावरून आजार ओळखता येईल का, यावर काम चाललंय. मी हे सगळं हिला रंगवून सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, “बघ, जोडीदाराला कळतं.”

“तुला नसतं कळलं,” ती म्हणाली. “तुझं नाक बारमाही चोंदलेलं.”

हे ती म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पाहुण्याला वाटलं असतं, बाई चिडल्यात. ती मजेत होती. चेहऱ्याचे स्नायू आखडत जातात, पापण्यांची उघडझाप कमी होते, हसू येतं पण मनात उमटल्यावर बऱ्याच वेळाने आणि अर्ध्यावर थांबतं. वैद्यकाच्या पुस्तकात याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. मुखवटा माणूस आपण होऊन चढवतो. हिने तर काहीच चढवलेलं नाही. माझ्या बघण्याचा सगळ्यात मोठा पराभव या चेहऱ्यापाशी झाला. आयुष्यभर जे तिच्या चेहऱ्यावर वाचत आलो ते एकाएकी दिसेनासं झालं, आणि डोळे सवयीने अजून तिथेच शोधत राहतात. एखादी गोष्ट सांगितली, तिने प्रतिसाद दिला नाही, की मनात कुठेतरी दुखतंच. कारण माहीत असूनही दुखतं. मग हळूहळू दुसरीकडे बघायला लागलो. गंमत वाटली की तिचे खांदे अगदी किंचित वर जातात. राग आला की पायाचा अंगठा जमिनीवर दाबला जातो. कंटाळली की श्वास लांब होतो. हे तिलाही ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर ती पाय पांघरुणात लपवायला लागली.

ज्यांना हे वाचता येत नाही त्यांचं काय होतं, ते एका गृहस्थांनी दाखवलं. जुने स्नेही, मनाने चांगले. बराच वेळ गप्पा मारल्या, दोन-तीन किस्से सांगितले, प्रत्येक किश्श्याच्या शेवटी तिच्याकडे पाहिलं आणि तिकडून काहीच येत नाही म्हटल्यावर थोडे ओशाळले. मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली न आणताच विचारलं, “वहिनींना कळतं का सगळं?” ती समोर बसली होती, चार फुटांवर. मी काही बोलायच्या आत तिचे ओठ हलले, पण तिच्या वाक्याला निघायला वेळ लागतो आणि तोवर गृहस्थ दुसऱ्या विषयावर गेले. ते निघताना, दारात, चप्पल घालत असताना तिचं उत्तर आलं. “तुमचा दुसरा किस्सा मागच्या वेळी तुम्ही स्वतःचा म्हणून सांगितला होतात.” त्यांना ते नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी दार लावून जमिनीवर बसलो हसत. नंतर कुठेतरी वाचलं की अनुभवी डॉक्टर आणि थेरपिस्टही असा स्थिर चेहरा पाहून माणसाच्या स्वभावाचा चुकीचा अंदाज बांधतात, तेव्हा त्या गृहस्थांवरचा राग थोडा कमी झाला. थोडाच.

आवाजाची गोष्ट आणखी न्यारी. तिला वाटतं ती नेहमीच्या आवाजात बोलतेय, कारण स्वतःचा आवाज किती लहान झालाय हे या आजारात आतून कळत नाही. इकडे माझे कान वयाप्रमाणे कमी झालेत. तिच्या मते माझे कान गेलेत, माझ्या मते तिचा आवाज गेलाय, आणि आमच्याकडची अर्धी भांडणं यावरूनच होतात. दोघांचंही बरोबर असल्यामुळे ती मिटत नाहीत.

औषधाच्या बाबतीत मात्र डोळे घड्याळावर ठेवावेच लागतात. तिच्या गोळीतलं लेव्होडोपा, मेंदूत पोचल्यावर ज्याचं डोपामाइन होतं ते, शरीरात गेल्यावर तास-दीड तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदूत शिल्लक पेशी असतात त्या थोडा साठा धरून ठेवतात, म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्यांत भागतं. पुढे साठवणारंच कोणी उरत नाही आणि माणूस गोळीच्या तालावर जगायला लागतो. गोळी चढली की ‘ऑन’, उतरली की ‘ऑफ’. हे दोन शब्द आमच्याकडे दिवसभर चालू असतात, “ऑफ होतेय, बसव मला.” त्यातही प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकाच वाटेने धडपडतात, म्हणून गोळी जेवणाच्या आधी, अर्धा-पाऊण तास तरी. इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर तिथल्या गोळ्या वाटण्याच्या वेळा आणि हिच्या वेळा जुळत नाहीत, हे पहिल्या तासातच नर्सला समजावून सांगावं लागतं. उलटीवरची काही नेहमीची औषधं, मेटोक्लोप्रमाइडसारखी, डोपामाइनच्याच कामात खोडा घालतात, म्हणून त्यांच्या नावांची एक चिठ्ठी माझ्या पाकिटात असते. गोळी जास्त चढली तर अंग आपोआप डोलायला, वळवळायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं हाच आजार. खरं तर ती तिची मोकळेपणाची वेळ असते. आखडून पडण्यापेक्षा डोललेलं बरं, असं तिचं मत, आणि मत तिचंच चालायला हवं.

अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाचा 1957 चा प्रयोग मी तिला वाचून दाखवला होता. सर्पगंधेपासून मिळणारं रिसर्पिन सशांना दिलं, ते निपचित पडले. मग डोपा, म्हणजे डोपामाइनचा कच्चा माल, टोचलं, आणि ससे थोड्याच वेळात उठून हिंडायला लागले. डोपामाइन किती मोलाचं हे त्यातून कळत गेलं. 2000 साली त्याला नोबेल मिळालं. ऐकताना तिचे खांदे किंचित वर गेले. तेव्हापासून सकाळच्या गोळीला ती “सशाची गोळी” म्हणते, आणि मुलगी फोनवर विचारते, “बाबा, ससा उठला का?”

उठलेला ससा दारापाशी अडतो हे कार्लसनला बहुधा दिसलं नसावं. ती व्यवस्थित चालत येते आणि उंबरठ्यासमोर पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जायला निघालेलं, पाय तिथेच. अशा वेळी माणसाला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, “चल, चल” तर मुळीच म्हणायचं नाही. ओढलं की तोल जातो आणि पाय आणखी रुततात. थांबायचं. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, डावा, उजवा, डावा. किंवा एक, दोन, तीन म्हणायचं. किंवा तिच्या पावलासमोर आपलं पाऊल आडवं ठेवायचं. ते ओलांडायला मिळालं की पाऊल सुटतं. आमच्याकडे दारांपाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, त्यांचंही काम तेच. आपोआप होणारी चाल बिघडलेली असते, पण डोळ्यांना किंवा कानांना धरायला काही मिळालं की मेंदू दुसऱ्या रस्त्याने पाय हलवतो. म्हणून सपाट जमिनीवर अडणारी ही बाई जिने चढते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकल मात्र तो उत्तम चालवायचा. हे सगळं लिफ्टच्या दारात उभ्या असलेल्या आठ माणसांना समजावून सांगायला सवड नसते. दार उघडतं, ती अडते, दार मिटायला लागतं, मागून कोणी “जरा लवकर” म्हणतं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. तेवढ्या नजरा पडल्यावर माझेसुद्धा पाय उचलले गेले नसते.

आणि मग कौतुक. “केवढं करता हो तुम्ही तिच्यासाठी!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसून मान हलवतो. पार्किन्सन्सवाल्यांच्या आमच्या गटात एकत्र जमतो तेव्हा शुभंकरांत, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांत, बायकाच जास्त असतात, नवऱ्याला सांभाळणाऱ्या. त्यांपैकी कोणाची पाठ गेलेली, कोणाची नोकरी सुटलेली, कोणाला रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. त्यांना कोणी “केवढं करता” म्हणत नाही, कारण त्या करणारच असं धरलेलं असतं. मी तिचे केस विंचरले तर ती बातमी होते. हे कौतुक तिच्या देखत होतं हे आणखी वाईट. ती ऐकत असते आणि चेहरा काही सांगत नाही. अंगठा जमिनीवर दाबला जातो तो मला दिसतो.

मी काही फार सोशीक नाही. कधी कधी मुलगी चार दिवस राहायला येते आणि मी एकटा लांबवर चालून येतो. पहिली काही मिनिटं मान सारखी बाजूला वळते. नंतर सैल पडते. कोणाकडेही बघावं लागत नाही, कोणाच्या पावलांचा आवाज मोजावा लागत नाही, आणि हे सुख इतकं मोठं असतं की घराकडे वळताना पाय जड होतात. तिला हे सांगितलंय. ती म्हणाली, “मलाही बरं वाटतं तू गेलास की.” आम्ही दोघांनी ते मनाला लावून घेतलं नाही. निदान मी तरी फारसं नाही.

अलीकडे तिला अधूनमधून खोलीत कोणी असल्याचं दिसतं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक लहान मुलगा. तो काही बोलत नाही, त्रास देत नाही. तो खरा नाही हे तिला पक्कं माहीत आहे, तरी ती मला सांगते, “आज आलाय.” आजारामुळेही असं होतं, औषधांमुळेही. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि त्याचं येणं विरळ झालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला होता. मी खुर्चीकडे बघितलं, तर गादीवर नुसतं ऊन. एरवी दिवसभर तिच्यातलं जे तिला दिसत नाही ते मी बघत असतो. हे एक तिला दिसत होतं आणि मला नाही. मी विचारलं, तो काय करतो? “बघत बसतो,” ती म्हणाली. “तुझ्यासारखा.”

त्या बटणांच्या दिवसानंतर मी एवढंच केलं की तिच्या तयारीच्या वेळी त्याच खोलीत, पण स्वतःच्या कामाला लागतो. घड्या घालतो, कागद लावतो, तिच्याकडे पाठ करतो. पाठीमागे नखाचा बटणावर घासल्याचा आवाज येतो, मधेच तो थांबतो, एक सुस्कारा, पुन्हा घासणं. वळून बघायची ओढ अजून होते. विशेषतः बराच वेळ आवाज आला नाही की. कधी ती स्वतःच म्हणते, “लाव रे एवढं एक.” तेव्हा वळतो. काही दिवस एकही बटण लागत नाही, तेव्हा सगळीच मी लावतो आणि त्या वेळी ती छताकडे बघत असते.

मी तिच्याकडे बघतो तेवढीच तीही माझ्याकडे बघते, हे मला उशिरा कळलं. तिच्या चेहऱ्यावर वाचायला काही नाही, पण माझ्या चेहऱ्यावर सगळं असतं. “तुझं तोंड बघितलं की कळतं मला आज माझं कसं चाललंय,” असं ती एकदा म्हणाली. आरशापेक्षा तो हिशेब तिला बरा वाटतो म्हणे. मागच्या महिन्यात नेहमीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे मला विचारलं, “काय, कसं चाललंय?” मी वही उघडून ‘ऑन’ किती वेळ, ‘ऑफ’ किती वेळ ते सांगायला लागलो. ती ओठ हलवत होती. डॉक्टर भले आहेत, थांबले, पुढे झुकले.

“याला झोप नाही,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, “जिना चढताना मधे थांबतो. डोकं दुखतं, सांगत नाही. मला कळतं. आधी याला बघा.”

डॉक्टरांनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. आता सकाळी माझीही एक गोळी असते, आणि ती घेतली का हे ती रोज विचारते. घेतलेली बघितली असली तरी विचारते.